दुष्काळातली छत्री

बहात्तरच्या दुष्काळात मी सात आठवडे मुकादम होतो. पुढं मी मास्तर झालो, हेडमास्तर झालो, दोन-चार कमिट्यांवर खुर्च्या गरम केल्या, पण खरं पुढारीपण केलं ते त्या सात आठवड्यांत. ते मला का मिळालं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा माझ्याविषयी भलता समज व्हायला नको. मला खडी फोडता येत नव्हती.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाला लागून पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा काढायचा होता आणि सांडव्याच्या जागी नेमका कातळ. पाणी कुठून येणार होतं ते देवाला ठाऊक, पण ते जास्त झालं तर जाणार कुठून, याची सरकारनं सोय करून ठेवली होती. कातळात सुरुंग लावून दगड उडवायचे आणि खालच्या खड्ड्यात बसून बायामाणसांनी त्यांची खडी करायची, असं काम. चाळीस माणसांची एक टोळी. मजुरी ढिगाच्या मोजणीवर आणि ढीग सगळ्या टोळीचा मिळून एक. त्यामुळं कोण किती फोडतो याच्यावर सगळ्यांची नजर असायची. मी नुकताच मॅट्रिक होऊन मास्तरकीचा अर्ज करून बसलो होतो. दिवसभरात माझी जी खडी व्हायची ती एका घमेल्यात मावायची आणि वर भाकरी ठेवायला जागा उरायची.

पहिल्याच आठवड्यात हजेरी कारकून आला. म्हणाला, "टोळीला एक मुकादम पाहिजे. माणसं जागेवर ठेवायची, हजेरी सांगायची. मुकादमानं हातोडी धरायची नाही."

हे शेवटचं वाक्य त्यानं सहज टाकलं आणि तिथंच निवडणूक झाली. आमचा निम्मा गाव दरसाल ऊस तोडायला जायचा, त्यामुळं मुकादम काय चीज असते ते पोरासोरांनाही माहीत होतं. पण तो मुकादम वरून आलेला असायचा. इथं आपणच निवडायचा म्हटल्यावर लोकांनी सरळ विचार केला. चालणारा हात काढून खुर्चीवर बसवायचा, तर तेवढी खडी कमी होणार. मग ज्याच्या असण्या-नसण्यानं ढिगाला काही फरक पडत नाही, त्यालाच उठवा. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

टोळीत एक म्हातारी होती. तिच्या तोंडाला गावातला पाटीलसुद्धा बिचकून असायचा. ती म्हणाली, "ह्याला करा. ह्यो हातोडी मारतो तवा दगडाला गुदगुल्या हुत्यात."

मी एकमतानं निवडून आलो. नंतर मी पुष्कळ निवडणुका पाहिल्या, काहींत उभाही राहिलो, पण इतक्या स्वच्छ कारणासाठी माणूस निवडल्याचं पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी निवडून आलो याचा सगळ्यात जास्त आनंद माझ्या वहिनीला झाला. ती टोळीतला सगळ्यात चांगला हात. टायरचं कापलेलं कडं दगडाभोवती धरायची आणि तीन घावांत दगडाची एकसारखी खडी करायची. संध्याकाळी सगळे ढीग एकत्र होण्याआधी ती आपल्या ढिगातली खडी पायानं हळूच माझ्या ढिगात लोटायची आणि दुसरीकडंच बघायची. मी मुकादम झाल्यावर म्हणाली, "बरं झालं. मास्तर हुनाराचे हात हायेत. फोड आल्याले बरे दिसत न्हाईत."

मी नऊ वर्षांचा असताना ती लग्न होऊन आमच्या घरात आली. आई त्याच्या आधीच गेली होती. मला आंघोळ घालण्यापासून मॅट्रिकच्या फॉर्मसाठी भावाच्या मागं लागण्यापर्यंत सगळं तिनं केलं. मला भावजी म्हणायची आणि अरे-तुरेही करायची. "भावजी, ऊठ, उनं आली तोंडावर." त्या वर्षी भाऊ बैल घेऊन नगरजवळच्या छावणीत होता. तिची दोन्ही पोरं तिच्या माहेरी, कारण तिथल्या विहिरीला अजून पाणी होतं. घरात आम्ही दोघंच. म्हणजे तिच्या दृष्टीनं त्या वर्षी सांभाळायला मीच एक पोर उरलो होतो.

कारकुनानं मला पिवळ्या दोरीत ओवलेली पत्र्याची शिट्टी दिली. पहिल्या दिवशी वाजवायची लाज वाटली म्हणून मी बाभळीच्या मागं जाऊन दोनदा हळूच फुंकून बघितली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या सुट्टीला वाजवली. चाळीस हातोड्या एकदम थांबल्या. इतका वेळ ठकठक चाललेली आणि एकाएकी सगळं गप्प, आणि ते गप्प माझ्या फुंकरीनं झालेलं. मला ते आवडलं. उगीच कशाला लपवू, फार आवडलं. तिसऱ्या दिवशी मी काही कारण नसताना शिट्टी वाजवली. सगळे थांबले, माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "काही नाही, चालू द्या."

माणसात बदल होतो तो त्याला सगळ्यात शेवटी कळतो. माझे हात आपोआप पाठीमागं जाऊन एकमेकांत अडकू लागले. बोलण्याआधी मी खाकरायला लागलो. हसायचं झालं तर अर्धंच हसायचो, बाकीचं राखून ठेवायचो. आणि ज्याला हातोडी धरता येत नव्हती, तो मी हातोडी कशी धरावी हे लोकांना सांगत फिरू लागलो. एके दिवशी मी वहिनीलासुद्धा सांगितलं. मनगट ढिलं सोडा, घाव कडेवर घ्या, वगैरे. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती. एरवी तिनं मला "व्हय शाहन्या" म्हणून उडवून लावलं असतं. तिचं ऐकून घेणं मला त्या दिवशी फार गोड लागलं.

माझं डोकं फिरलं यात नवल नाही. मला खरं नवल वाटतं ते टोळीचं. आधी ज्याला तहान लागायची तो उठून रांजणातलं पाणी प्यायचा. आठ-दहा दिवसांनी विचारायला लागले, "मुकादम, पानी पिऊ का?" पहिल्यांदा मला हसू आलं. म्हणालो, "प्या की, मला काय विचारता?" आणखी आठ दिवसांनी कुणी न विचारता पाणी प्यालं तर माझ्या जिवाला लागायचं. टोळीत एक उतारवयाचा पैलवान होता. ऐन उमेदीत त्यानं पंचक्रोशीतली मैदानं मारली होती. तो मला विचारून पटका सोडायचा आणि विचारून पुन्हा बांधायचा.

सावलीवरून बायांची भांडणं व्हायची. आधी त्या आपापसात तोंडसुख घेऊन मोकळ्या व्हायच्या आणि थोड्या वेळानं, कामावर खायला मिळायची ती सुकडी, एकीची दुसरी खायची. मुकादम आल्यावर दोघी माझ्याकडं यायला लागल्या. मी निवाडा करायचो. तो हटकून चुकायचा, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी त्या पुन्हा यायच्या. का येतात, ते म्हातारीनं एकदा माझ्या तोंडावर सांगितलं. "बरं आस्तंय बाबा. चुकलं तर मुकादमाचं. आमी दोगी मिळून तुला शिव्या द्यायला मोकळ्या."

मला वाटायचं, म्हातारी जळते. मुकादमाला असंच वाटतं.

खुर्ची कारकुनानं दिली. एका पायानं लंगडी, घडीची खुर्ची, ती मी खड्ड्याच्या काठावर मांडली. छत्री वहिनीनं दिली. मी दिवसभर उन्हात बसतो म्हणून तिनं वडिलांची जुनी काळी छत्री ट्रंकेतून काढली, फाटल्या जागी आपल्या जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाचं ठिगळ लावलं आणि सकाळी निघताना माझ्या हातात दिली. "डोकं तापंल तुजं," म्हणाली. सबंध तालुक्यात थेंब पडला नव्हता आणि मी छत्री घेऊन कामावर निघालो. म्हातारीनं लांबूनच ओळखलं. "या वर्सी जवारी न्हाई उगवली, छत्री उगवली," ती ओरडली, आणि सगळे हसले. मीही हसलो, अर्धं.

आता सुरुंगाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन थांबलं. आम्ही सुरुंगाच्या स्फोटाला बार म्हणायचो. दुपारच्या वेळी सुरुंगवाला वर कातळात भोकं भरायचा आणि "बार हायऽऽ बार" अशी आरोळी ठोकायचा. आरोळी कानावर पडली की खड्ड्यातली माणसं उठून पलीकडच्या मातीच्या भरावामागं पळायची. कुणी हातोडी घेऊन, कुणी भाकरीचं फडकं घेऊन, पैलवान पटका सावरत. सगळा गोंधळ. सुरुंगवालाही हुशार, भोकं अर्धी भरलेली असतानाच आरोळी द्यायचा. मग लोक भरावामागं तासभर गप्पा मारत बसायचे आणि ढीग तेवढाच राहायचा. कारकुनानं मला एकदा टोचून दाखवलं. मग मी डोकं चालवलं.

मी नियम केला. आरोळी कितीही येवो, माझी शिट्टी झाल्याशिवाय जागचं उठायचं नाही. शिट्टी झाली की रांगेनं जायचं. सगळे भरावामागं पोचले की मी छत्री उंच धरून हलवायची आणि छत्री हलली की सुरुंगवाल्यानं वात पेटवायची. तो कातळाच्या पलीकडच्या अंगाला असायचा, त्याला खड्डा दिसत नव्हता, पण काठावरची माझी छत्री दिसायची. नियम काही वाईट नव्हता. चार-पाच दिवसांत माणसं शाळेच्या पोरांसारखी रांगेत जायला लागली आणि ढीगही वाढला. कारकून येईल त्याला माझी टोळी दाखवायचा.

नियम होऊन आठवडा झाला असेल. आरोळी आली आणि वहिनी सवयीनं उठली. म्हातारीच्या दंडाला धरून तिलाही उठवलं आणि भरावाकडं निघाली. माझी शिट्टी अजून व्हायची होती. सगळी टोळी माझ्याकडं बघत होती, मुकादम घरच्या माणसाला काय करतो म्हणून. आज सोडलं तर उद्या शिट्टीला कोण विचारतंय, असं मला वाटलं. मी वहिनीला हाक मारून परत जागेवर बसवलं आणि त्या दिवशी तिच्या नावावर अर्धा खाडा मांडला. खाडा म्हणजे गैरहजेरी. जी बाई सबंध टोळीत जास्त खडी फोडायची, ती अर्धा दिवस कामावर नव्हतीच, असं मी कारकुनाला लिहायला लावलं. वर सगळ्यांसमोर सांगितलं, की यापुढं रांगेत मुकादमाच्या घरचं माणूस सगळ्यात शेवटी चालेल. म्हातारीला मात्र मी काही केलं नाही. तिला कोण बोलणार?

मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आपण घरच्यांनाही सोडत नाही, हे मी जाता-येता मनाशी घोळवत होतो.

त्या संध्याकाळी वहिनीनं तांबड्या मिलोची भाकरी थापली. रेशनवर तोच मिळायचा आणि त्याची भाकरी घशाखाली उतरायला मागायची नाही. रोज ती न विचारता माझ्या ताटात अर्धी जास्त टाकायची. त्या दिवशी तवा खाली ठेवून ती थांबली आणि म्हणाली, "भावजी, तुमाला आनखी वाढू का?"

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून तिनं मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मला ते कळलं. कळूनही मी त्याचा अर्थ मान असा लावला आणि "अर्धी वाढ" म्हणालो.

पुढच्या दिवसांत मला आणखी एक शोध लागला. दुपारी ऊन चढलं की मी कारकुनाच्या तंबूत जाऊन बसायचो. जाताना छत्री उघडून खुर्चीच्या पाठीला दोरीनं बांधायची आणि खाली माझं उपरणं लोंबतं ठेवायचं. खड्ड्यातून वर बघितलं तर छत्री दिसायची आणि छत्रीखाली कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. तंबूत मला हातोड्यांचा आवाज ऐकू येत राहायचा. एक ठोका कमी होत नव्हता. मी बसलो काय आणि छत्री बसली काय, टोळीला सारखंच होतं. यावरून कुणालाही आपली किंमत कळली असती. मला उलट वाटलं, की माझा दरारा केवढा आहे.

बार उडायच्या वेळेला मात्र मी परत जायचो. न चुकता जायचो. एवढी अक्कल शिल्लक होती.

सातव्या आठवड्यात नगरहून साहेब आले. जीप थेट तंबूपाशी थांबली. कारकुनानं मला बोलावणं धाडलं, मी नेहमीसारखी छत्री खुर्चीला बांधून गेलो आणि त्यानं मला साहेबांपुढं उभं केलं, "हाच तो मुकादम." साहेबांनी मला बसायला सांगितलं. चहा आला, कपबशीतून. दुष्काळात दुधाचा चहा मी किती दिवसांनी बघत होतो. ऊन डोक्यावर आलं होतं, बार उडायची वेळ होत आली होती, हे मला माहीत होतं. पण साहेबांनी विचारलं, "एवढी शिस्त लावलीत कशी?" आता असं विचारल्यावर कोण उठेल? मी खाकरलो. माणसं ओळखावी लागतात, जरब लागते आणि प्रेमही लागतं, असं बरंच काही बोललो. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि सात आठवड्यांपूर्वी दगडाला गुदगुल्या करत होतो. साहेब मान डोलावत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे माणसं तुमचं ऐकतात?"

मी म्हणालो, "साहेब, माझ्या शिट्टीशिवाय पान हलत नाही."

आणि बार उडाला.

कप माझ्या हातातच राहिला. बोलण्याच्या नादात आरोळी माझ्या कानावरच आली नव्हती. मी दुसऱ्या हातानं गळ्याशी चाचपलं. शिट्टी माझ्या गळ्यात होती.

नंतर सगळं कळलं ते म्हातारीकडून. दुपारी वावटळ उठली आणि छत्रीनं खुर्ची आडवी केली. दोरी सुटली. छत्री वर उडाली, दोनदा गिरकी घेऊन पलीकडं बाभळीत जाऊन पडली. सुरुंगवाल्याला काठावर छत्री हललेली दिसली. तीच आमची खूण. आज माणसं आरोळीआधीच भरावामागं गेली, असं त्याला वाटलं. त्यानं सवयीनं आरोळी ठोकली आणि वात पेटवून तो आडोशाला गेला.

खड्ड्यात सगळ्यांनी आरोळी ऐकली. वातीचा वासही आला. चाळीस माणसं हातोड्या मांडीवर घेऊन बसून राहिली.

"म्या म्हन्ले, आगं वात पेटली," म्हातारी मला सांगत होती. "तर ही तुजी मानसं म्हन्त्यात, शिट्टी न्हाई झाली. पैलवान म्हन्तो शिट्टी न्हाई झाली. समदी वर बगत्यात. वर खुर्चीबी न्हाई आन् तूबी न्हाई." मग म्हातारीनं एक अशी शिवी हासडली, की तिनं ती मला पुन्हा ऐकवली तरी मी इथं लिहू शकत नाही. शेजारणीच्या झिंज्या धरून तिनं तिला उठवलं आणि मग सगळे उठले. उठले ते रांगेनं. मरायची वेळ आली तरी रांगेनं. आणि रांगेत सगळ्यात शेवटी माझी वहिनी.

बाकी सगळे भरावामागं पोचले. ती दहा-बारा पावलं मागं होती. आवाज झाला तसा तिनं उजवा हात डोक्यावर धरला. दगड हातावर बसला म्हणून डोकं वाचलं.

साहेबांच्याच जीपमधून आम्ही तिला पाथर्डीच्या दवाखान्यात नेलं. हात उपरण्यात गुंडाळलेला, उपरणं माझंच, खुर्चीवरून पडलेलं. डॉक्टरांनी बघून सांगितलं, की ठेचलेली तीन बोटं राहतील पण वळणार नाहीत. ती बाकावर भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यापुढं खाली बसलो. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं, म्हणून मी तो तिच्यावरच काढला.

"वैनी, वास आला न्हाई का वातीचा?"

"आला की."

"मग पळायचं न्हाई का?"

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "पुन्यांदा खाडा पडला आस्ता."

तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं टोमणा मारला नव्हता. विचारलं ते सांगितलं होतं. जिनं मला वाढवलं, ती बाई माझ्या शिट्टीला वातीपेक्षा जास्त भ्यायली होती. ते ऐकून मी तिथंच, दवाखान्याच्या फरशीवर, हमसून रडलो. आजही ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

साहेबांनी चौकशी केली. कारकुनानं कागद वाचून दाखवला. त्यात वाऱ्याला दोष दिला होता आणि पुढं लिहिलं होतं, की अशा प्रसंगीही टोळीनं रांग मोडली नाही ही गोष्ट वाखाणण्यासारखी आहे. माझ्यावर काही ठपका नव्हता. कारकून म्हणाला, "सोमवारपासून ये परत." मी शिट्टी त्याच्या टेबलावर ठेवली आणि मला जमणार नाही म्हणालो.

"मग दुसरा निवडा," तो म्हणाला.

सोमवारी टोळी पुन्हा बसली. लोकांनी पुन्हा तसाच विचार केला, चालणारा हात वाया घालवायचा नाही. वहिनी त्या दिवशी कामावर आली होती, हात गळ्यात बांधून. घरी बसली असती तर हजेरी कोण देणार होतं? म्हातारीनं तिच्याकडं बघितलं आणि या खेपेला काही न बोलता नुसता हात वर केला. बाकीच्यांनीही केले. सात आठवड्यांपूर्वी टोळीतल्या सगळ्यात निकामी हाताला मुकादम केलं होतं, आताही तसंच केलं. टोळीतला सगळ्यात चांगला हात मी निकामी करून ठेवला होता.

तिला एका हातानं दोरी बांधता येईना, म्हणून शिट्टी तिच्या गळ्यात मीच बांधली. तिची हातोडी आणि टायरचं कडं माझ्याकडं आलं.

ती खुर्चीवर कधी बसली नाही. काठावरही थांबली नाही. खड्ड्यातच आमच्यात फिरायची, डाव्या हातानं पाणी द्यायची. छत्री बाभळीतून कुणी काढली नाही. चौकशीमुळं बार आठ-दहा दिवस बंद होते. तेवढ्यात माझ्या हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. दिवसाच्या शेवटी माझा ढीग दोन घमेली व्हायला लागला होता. मी कुणाशी बोलत नव्हतो. सांगितलं तिथं बसायचो, शिट्टीला थांबायचो, शिट्टीला उठायचो. खोटं कशाला सांगू, त्यात मला बरं वाटायचं. काही ठरवावं लागत नव्हतं.

मग बार पुन्हा सुरू होणार असं कळलं. त्या सकाळी वहिनीनं सगळ्यांना जवळ बोलावलं. ती कधी चार माणसांपुढं बोललेली नव्हती. पदर सारखा करत म्हणाली, "आता शिट्टीची वाट बगायची न्हाई. आरोळी आली का ज्यानं त्यानं पळायचं. रांग न्हाई, फिंग न्हाई. खाडा पडनार न्हाई कुनाला. म्या सवता वर जाऊन सांगंन, मंग वात पेटंल." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दुपारी आरोळी आली. "बार हायऽऽ बार."

कुणी उठलं नाही.

हातोड्या थांबल्या एवढंच. सगळी टोळी वहिनीच्या तोंडाकडं बघत बसली. पैलवान बघत होता, सावलीवरून भांडणाऱ्या दोघी बघत होत्या. म्हातारी तेवढी उठून दोन पावलं गेली आणि बाकीचे येत नाहीत म्हणून थांबली.

"पळा की!" वहिनी म्हणाली. "सांगितलंय न्हवं सकाळी?"

कुणी हललं नाही. तिनं गळ्यातला हात सोडवून पांढऱ्या पट्टीसकट भरावाकडं केला. तरी नाही. मग ती एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली आणि बघता बघता तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्या नजरेत राग नव्हता. मॅट्रिकच्या परीक्षेला जाताना दारात उभी राहून ती जशी बघत होती, तशी बघत होती.

"भावजी," ती म्हणाली, "तू तरी ऊठ."

मला उठायचं होतं. देवाशप्पथ उठायचं होतं. नियम माझा होता, तो खोटा होता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बाकीची सगळी माणसं बसली होती. त्यांच्यात आपण एकट्यानंच कसं उठायचं, आधी उठलो तर आपल्या नावावर खाडा पडेल, असं मला खरोखर वाटलं. मांडीवर तिची हातोडी होती. मी बसून राहिलो आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

मग तिनं डाव्या हातानं शिट्टी तोंडाशी नेली आणि वाजवली.

मग मी उठलो.